माद्रिद-बार्सिलोना सोडून स्पेनमधली शहरं बाहेरच्या लोकांना कितपत माहीत असतात?

तुमचा प्रश्न असा: सारागोसात नोकरी मिळाली आहे, पण घरी-ऑफिसात कुणी नावही ऐकलेलं नाही, तर गाव अगदीच आडबाजूचं आहे का? मुळीच नाही. वस्ती पावणेसात लाखांच्या वर, म्हणजे स्पेनमधल्या पहिल्या पाच शहरांतलं एक. माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या साधारण मधोमध, आणि वेगवान रेल्वेनं दोन्हीकडे सव्वा ते दीड तास. घरच्यांना एवढं सांगितलं की पुरे.

शहर केवढं आहे आणि बाहेर ते किती माहीत आहे, यांचा स्पेनमध्ये फारसा मेळ बसत नाही. नाव कुठल्या वाटेनं पोचलं, त्यावर सगळं अवलंबून असतं. बुन्योल घ्या. वालेन्सियापासून चाळीसेक किलोमीटरवरचं, दहा हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव. पण २०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला आणि तिथली टोमॅटोफेक आपल्याकडे घरोघरी पोचली. गावाचं नाव विचारलं तर मात्र निम्मे लोक अडखळतील. (जायचं असेल तर ऑगस्टचा शेवटचा बुधवार. खेळ तासाभराचा, आणि २०१३ पासून बाहेरच्यांना तिकीट लागतं. ऐनवेळी गेलं की वेशीवरून परत यावं लागतं.) पाम्प्लोनाचंही तसंच. बैलांपुढे पळण्याचा तो सण ६ ते १४ जुलै, रोजची धाव ७ तारखेपासून सकाळी ८ वाजता, सुमारे ८५० मीटर. बाकीचे अकरा महिने पाम्प्लोनात काय चालतं, हे बाहेर कुणाला ठाऊक नसतं.

आपल्या बाजूची सर्वांत जुनी वाट मात्र सिनेमाची नाही, चर्चची आहे. पाम्प्लोनापासून तासाभराच्या आत हावियेर नावाचं जेमतेम शंभरेक वस्तीचं गाव आहे. तिथल्या गढीत १५०६ साली फ्रान्सिस झेवियर जन्मले. म्हणजे जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे तेच, आणि मुंबईतल्या कॉलेजवर ज्यांचं नाव आहे तेही. पुण्यातल्या लोयोला शाळेच्या नावामागचं लोयोला हे बास्क प्रांतातल्या आस्पेइतिया गावाजवळ आहे. नावं रोज तोंडात, ठिकाण नकाशावर दाखवता येत नाही. बाहेरच्यांची स्पेनशी ओळख बहुतेक वेळा याच जातीची असते.

फुटबॉलनं तर यात आणखी घोळ घातलाय. व्हियारेआल हे पन्नासेक हजार वस्तीचं, टाइल्सच्या कारखान्यांचं गाव. क्लब २००६ आणि २०२२ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत गेला म्हणून जगभर माहीत. उलट काही क्लबांच्या नावात शहरच नाही: रेआल सोसिएदाद सान सेबास्तियानचा, बेतिस सेव्हियाचा, अलावेस व्हितोरियाचा, ओसासुना पाम्प्लोनाचा. दर आठवड्याला सामने बघणाऱ्याला विचारा, ओसासुना कुठल्या गावाचा? माझ्या मते ओळख मोजायची हीच खरी कसोटी. व्हितोरिया ही बास्क सरकारची राजधानी, पण क्लबच्या नावाआड पार दडून गेली आहे.

शेजाऱ्यांची यादी आणखी वेगळी. ब्रिटिश माणसाला मुर्सिया सांगता येणार नाही कदाचित, पण समुद्रकिनाऱ्यावरचं बेनिदोर्म पाठ असतं. जर्मनांना मायोर्का बेट एवढं घरचं की ते त्याला थट्टेनं आपलं सतरावं राज्य म्हणतात. फ्रेंच लोक दारू-सिगारेटी स्वस्त म्हणून सरहद्दीवरच्या ला हुंकेराला गाडी काढून जातात, पोर्तुगीजांना बादाहोस जवळचं. मोरोक्कोच्या माणसाला अल्हेसिरास बंदर विचारा, कारण युरोपात राहणारी मंडळी उन्हाळ्यात तिथूनच बोटीनं घरी जातात. आपल्याकडे हे नाव न्हावा-शेव्याच्या कंटेनर लाइनमध्ये काम करणाऱ्यांना ठाऊक. जपानमध्ये एक अगदी अनपेक्षित नाव निघतं: सेव्हियाजवळचं कोरिया देल रिओ. १६१४ साली हासेकुरा त्सुनेनागा या जपानी सामुराईचं शिष्टमंडळ तिथे उतरलं होतं, आणि आजही गावात शेकडो लोकांचं आडनाव ‘हापोन’, म्हणजे जपान, आहे.

बिल्बाओ एका इमारतीनं वर आलं: १९९७ चं गुगेनहाइम संग्रहालय. गेर्निकाचं नाव पिकासोच्या चित्रामुळे सर्वतोमुखी, पण ते बॉम्बहल्ला झालेलं खरं गाव आहे आणि चित्र तिथे नसून माद्रिदला आहे, हे कित्येकांच्या गावी नसतं. व्हायादोलिद, अल्बासेते, खाएन यांना अशी वाटच सापडली नाही. तेरुएलला तर खुद्द स्पेनमध्येही ‘तेरुएलसुद्धा आहे’ असं म्हणत चळवळ करावी लागली. त्या चळवळीनं २०१९ मध्ये एक खासदारही निवडून आणला.

आता कामाचा भाग. ओळख नसण्यापेक्षा चुकीची ओळख जास्त त्रास देते. कोर्दोबा म्हटलं की अनेकांना अर्जेंटिना आठवतं, ग्वादालाहारा म्हटलं की मेक्सिको, कार्ताहेना म्हटलं की कोलंबिया, आणि यातली लॅटिन अमेरिकेतली शहरं मूळ शहरांपेक्षा कितीतरी मोठी आहेत. विमानाचं तिकीट काढताना शहराचं नाव नव्हे, तीन अक्षरी कोड बघा: वालेन्सिया स्पेनचं असेल तर व्हीएलसी, व्हेनेझुएलाचं व्हीएलएन, सांतियागो दे कोम्पोस्तेला एससीक्यू, चिलीचं एससीएल. ग्रानादा (जीआरएक्स) आणि कॅरिबियनमधलं ग्रेनेडा (जीएनडी) यांत तर लोक खरोखर फसलेत. भारतातून कुरियर पाठवायला सांगाल तेव्हा देश ठळक लिहायला लावा आणि पाच आकडी पिनकोड तपासा. त्यातले पहिले दोन आकडे प्रांताचे असतात: माद्रिद २८, बार्सिलोना ०८, वालेन्सिया ४६, आणि तुमचा सारागोसा ५०.