लिहून दिलेली गोळी सिस्टरांनी का दिली नाही?

प्रश्न : हृदय अशक्त झाल्यामुळे माझे वडील कोल्हापुरातील एका रुग्णालयात दाखल होते. सिस्टर त्यांना चांगल्या ओळखत असूनही प्रत्येक औषधाच्या वेळी पूर्ण नाव विचारत आणि मनगटावरची पट्टी पाहत. एका सकाळी त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके मोजले, डिगॉक्सिनची गोळी बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला असतो का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : असतो. औषध देणे त्या क्षणी धोक्याचे वाटले, तर ते रोखून धरणे हे परिचारिकेचे कर्तव्यच आहे. मात्र तिने डॉक्टरांना तत्काळ कळवले पाहिजे आणि कारणासह नोंद केली पाहिजे. आपल्या वडिलांच्या सिस्टरांचे वागणे त्याला धरूनच होते.

डिगॉक्सिनमुळे हृदयाचे आकुंचन जोरकस होते आणि ठोक्यांची गती कमी होते. म्हणून प्रौढ रुग्णाला ते देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात आणि ते 60 पेक्षा कमी भरले, तर सर्वसाधारणपणे गोळी न देता डॉक्टरांना विचारतात. ठोके मनगटाऐवजी छातीवर मोजण्याचे कारण असे, की ते अनियमित असतील तर त्यांतील काही क्षीण ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. या औषधाची उपयोगी पडणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. शिवाय ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने वयस्कर माणसाच्या शरीरात साचू शकते. त्यातच लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड सुरू असेल, तर रक्तातील पोटॅशियम घटून डिगॉक्सिनची बाधा अधिक सहज होते. जेवणावरची वासना उडाली आहे का, मळमळते का, वस्तू पिवळसर दिसतात का, असे सिस्टर विचारतात ते यासाठीच, आणि त्या प्रश्नांना ‘सगळे ठीक आहे’ असे घाईने उत्तर देऊ नये.

नावाचे म्हणाल, तर आपल्याकडे एकाच वॉर्डात दोन-तीन पाटील असणे नवलाचे नाही. ‘तुम्ही पाटील ना?’ असे विचारले, तर अर्धवट झोपेतला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण सहज ‘हो’ म्हणतो. त्यामुळे नाव रुग्णाकडूनच वदवून घ्यायचे आणि पट्टीवरील नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायचे, अशी शिस्त असते. त्यानंतर औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ यांची खातरजमा होते, आणि औषध दिल्यानंतरच नोंद केली जाते.

यांपैकी देण्याचा मार्ग आणि त्याला जोडून येणारा औषधाचा वेग यांविषयी नातेवाइकांना मला कळकळीने सांगावेसे वाटते. ‘सलाईन फार हळू चाललंय’ म्हणून नळीवरचे चाक स्वतः फिरवणारे लोक पुष्कळ आहेत. त्या बाटलीत पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असू शकते. ते पातळ करून, ठरलेल्या वेगानेच द्यावे लागते, कारण ते शिरेत वेगाने गेले तर हृदय बंद पडू शकते. व्हॅन्कोमायसिनसारखे प्रतिजैविकही किमान तासभर सावकाश द्यावे लागते, नाहीतर अंगावर लाली येते आणि रक्तदाब उतरू शकतो. चाकाला हात न लावता सिस्टरांना बोलवावे. घरून आणलेली रोजची गोळीही त्यांना दाखवल्याशिवाय देऊ नये, कारण तेच औषध दुसऱ्या नावाने वॉर्डात सुरू असेल, तर मात्रा दुप्पट होते. रुग्णासाठी प्रेमाने नेलेल्या शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असते. स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारे, पण पोटॅशियम शरीरात राखून ठेवणारे औषध) घेणाऱ्या किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाच्या रक्तात ते घातक पातळीपर्यंत वाढू शकते.

प्रश्न : आईला रुग्णालयातून घरी सोडताना सिस्टरांनी इन्सुलिनच्या बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजचे टोपण दोन्ही पाहायला बजावले. याचे कारण काय? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट. पहिलीसाठी लाल टोपणाची आणि दुसरीसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. 100 च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने 10 च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर प्रत्यक्षात 25 युनिट शरीरात जातात. उलट अदलाबदल झाली, तर 10 ऐवजी केवळ 4 युनिट जातात. इंजेक्शननंतर आईंना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरले किंवा त्या असंबद्ध बोलू लागल्या, तर ताबडतोब रक्तातील साखर तपासावी. ती 70 पेक्षा कमी असेल आणि त्या शुद्धीवर असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता त्यांना कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा.