छेत्री परदेशात का नाही टिकला?

प्रश्न: भारताचा फुटबॉलपटू सुनील छेत्री एवढा भारी प्लेयर, मग परदेशातल्या क्लबमध्ये का नाही चमकला?

उत्तर: त्याच्या खेळात काही कमी होती असं मला तरी अजिबात वाटत नाही. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला घ्यायचं पक्कं केलं होतं पण वर्क परमिटच मिळालं नाही, कारण भारत फिफा रँकिंगमध्ये पहिल्या ७० मध्ये नव्हता, म्हणजे टीमच्या रँकिंगची शिक्षा याला, हे फार लागतं मनाला. नंतर २०१० ला अमेरिकेत कॅन्सस सिटी, २०१२ ला पोर्तुगालच्या स्पोर्टिंगची बी टीम, पण दोन्हीकडे मैदानावर जास्त उतरवलंच नाही. इकडे मात्र मोहन बागान, गोव्याचे डेम्पो आणि चर्चिल, मग २०१३ पासून बेंगळुरू. मधे मुंबई सिटीकडून २०१५ ला हॅट्‌ट्रिक मारली, आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग, भारतातली फुटबॉल लीग) भारतीयाची पहिली! देशासाठी २००५ ला क्वेट्टात पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच मॅचला गोल, जून २०२४ ला निवृत्ती घेतली तेव्हा १५१ मॅच ९४ गोल, आणि मार्च २०२५ ला परत येऊन शिलाँगला मालदीवविरुद्ध ९५ वा पण मारला, चाळिशीत!