संस्कारभारती रांगोळीची रेघ कुठे जाड, कुठे बारीक का पडते?

हात मनगटातून फिरतोय म्हणून. मूठभर रांगोळी बोटांच्या फटीतून सोडायची आणि कोपर-खांद्यातून एका वेगाने हात न्यायचा. हात रेंगाळला की रेघ फुगते, उंच गेला की पसरते. सर्परेषा, गोपद्म, शंख ही चिन्हं आधी कोरड्या फरशीवर गिरवा. रस्त्यावर मोठं वर्तुळ मध्ये एकाने धरलेल्या सुतळीला खडू बांधूनच आखा, अंदाजाने सहसा जमत नाही. मग चाळणीने रंगाचा थर द्या आणि वरून पांढरी रेघ ओढा. रांगोळी दमट असेल तर मात्र हात कितीही सरावाचा असो, गुठळ्या पडणारच. आदल्या दिवशी उन्हात वाळवून चाळून ठेवा. खडबडीत डांबरावर थर थोडा जाडच लागतो, नाहीतर खालचे काळे ठिपके दिसतात.