हाताने शिवलेल्या गोधडीच्या लेबलवर क्यूआर कोड लावावा का? धुतल्यावर तो टिकतो का?

तुम्ही लिहिलंय की पेडण्याला घरीच गोधड्या शिवता, आता परगावची आणि परदेशातली गिऱ्हाइकं येऊ लागलीत, आणि लेबलवर कोड लावला तर तो धुण्यात टिकेल का, त्यामागे ठेवायचं काय, असे दोन प्रश्न आहेत. मी डिचोलीत सासूबाई आणि शेजारच्या बायकांबरोबर हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

कोड जरूर लावा. फक्त गोधडीचं नाव-गाव त्याच्या भरवशावर सोडू नका. कोणी शिवली, कुठे शिवली, कोणत्या वर्षी, एवढं तरी कापडावरच हवं, वाचता येईल अशा अक्षरांत. आमच्याकडे हे उलट्या टिपेने दोऱ्यात काढतो. ज्यांना घाई असते त्या कापडावर लिहायच्या पक्क्या शाईच्या पेनाने लिहितात आणि वरून इस्त्री फिरवतात. नीट वापरलेली गोधडी आजीकडून नातीकडे जाते, आणि इंटरनेटवरचं पान तोवर तिथेच असेल असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गूगलसारख्या कंपनीनेही वेबपानांचे लांब पत्ते छोटे करून देणारी आपली सेवा बंद करत असल्याचं 2018 मध्ये जाहीर केलं, आणि 2019 पासून तिथे नवीन पत्ते बनेनासे झाले.

यावरून पहिली महत्त्वाची गोष्ट. फुकट कोड बनवून देणाऱ्या बऱ्याच साइट तुम्हाला जो कोड देतात त्यात तुमचा पत्ता नसतो, त्यांचा असतो. कोणी स्कॅन केलं की माणूस आधी त्यांच्या दारात जातो आणि तिथून तुमच्या पानावर. याला डायनॅमिक कोड म्हणतात. मागचं पान केव्हाही बदलता येतं ही त्याची सोय खरी, पण महिन्याचे पैसे थांबले किंवा ती साइटच बंद पडली की कापडावर शिवलेला कोड कायमचा मुका होतो, आणि उसवून दुसरा लावायला गोधडी आपल्याकडे नसते. तुम्ही स्टॅटिक कोड घ्या. त्यात पत्ता थेट त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांतच असतो, मध्ये कोणी नाही. त्यासाठी स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा आपल्या मालकीचा पत्ता, घ्या. वर्षाकाठी थोडे पैसे जातात, पण उद्या वेबसाइट दुसरीकडे हलवली तरी पत्ता तोच राहतो.

आता टिकण्याचं. हा कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार केला. कारखान्यात तेल-काजळी लागणारच, म्हणून काही भाग झिजला किंवा मळला तरी वाचता यावा अशी सोय त्यात पहिल्यापासून आहे. तिच्या चार पातळ्या असतात: साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के नुकसान सोसणाऱ्या. कापडासाठी 25 किंवा 30 टक्क्यांची घ्या. पण तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन या सोयीत येत नाहीत. त्यांच्यावरूनच फोनला कळतं की इथे कोड आहे आणि तो कोणत्या बाजूने धरलाय. त्यांतल्या एकावरून धावदोरा गेला किंवा तिथे कापड चुण्यांत दबलं, तर बाकीचा कोड कितीही स्वच्छ असो, फोन बहुधा नुसता बघत राहतो. म्हणून लेबल गोधडी भरून झाल्यावर, सगळ्यात शेवटी लावायचं, आणि टाके फक्त लेबलच्या काठाला, बारीक तुरपाईचे.

खरी मेख आकारात आहे. पत्ता जितका लांब तितके चौकोन जास्त, आणि लेबल तेवढंच ठेवलं तर प्रत्येक चौकोन बारीक. कागदावर बारीक चौकोन चालतात, पण कापडाला वीण असते, शाई धाग्यातून थोडी पसरते, आणि चार धुण्यांनंतर कडा मऊ पडतात. माझ्या मते एक चौकोन मिलिमीटरपेक्षा लहान नको, सव्वा असेल तर उत्तम. हिशोब असा: 28 अक्षरांचा पत्ता 25 टक्क्यांच्या पातळीवर 29 गुणिले 29 चौकोनांचा कोड देतो. तोच पत्ता सगळा कॅपिटल अक्षरांत दिला तर 25 गुणिले 25 मध्ये बसतो, कारण कॅपिटल अक्षरं आणि आकडे कोडमध्ये कमी जागेत भरता येतात. डोमेनच्या नावाला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, त्यापुढच्या भागाला मात्र पडू शकतो, म्हणून प्रत्येक गोधडीच्या पानाला नावाऐवजी नुसता क्रमांक द्या. कोडच्या चारही बाजूंना चार-चार चौकोनांएवढी कोरी जागा लागते. ती गोट किंवा नक्षी काढून भरू नका. सगळं धरून सव्वा मिलिमीटरच्या हिशोबाने चारेक सेंटिमीटरचा चौरस होतो, आणि एवढा तुकडा गोधडीच्या मागच्या बाजूला मुळीच डोळ्यांत खुपत नाही.

काही जणी विचारतात की पानाची भानगडच नको, मराठी मजकूरच कोडमध्ये का भरू नये? भरता येतो, आणि तो इंटरनेटशिवाय वाचताही येतो. पण देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट (कोडमधली जागा मोजायचं माप) खाते. नुसत्या ‘गोधडी’ या शब्दाला पंधरा लागतात. दोनशे खुणांचा छोटा परिच्छेद घातला तर कोडची बाजू नव्वदहून जास्त चौकोनांची होते, म्हणजे लेबल वितीच्या अर्ध्याहून मोठं. त्यापेक्षा तोच मजकूर कापडावर हाताने लिहिलेला बरा.

कापड घट्ट विणीचं पांढरं किंवा मोतिया पॉपलिन घ्या. मलमल नको, तिची वीण मोकळी असते. लेबलचं कापड आधी धुऊन, आटवून, इस्त्री करून मगच छापा, नाहीतर गोधडीच्या पहिल्या धुण्यात ते आक्रसतं आणि कोडला सुरकुत्या पडतात. घरच्या इंकजेट प्रिंटरची साधी शाई पाण्यात पसरते. प्रिंटरमध्ये पिगमेंटची शाई असेल किंवा खास प्रक्रिया केलेले कापडाचे तयार ताव मिळाले तर ठीक. तयार कपड्यांच्या आत धुण्याच्या सूचनांची जी सॅटिनची पट्टी असते, तसली पट्टी छापून देणाऱ्यांकडून काम करून घेतलं तर छपाई जास्त टिकते, पण ती पट्टी गुळगुळीत असते आणि जुन्या लुगड्यांच्या सुती गोधडीवर परकी दिसते. मला ती आवडत नाही. विणून घेतलेली लेबलं सगळ्यांत टिकाऊ, पण ती शेकड्याने करून घ्यावी लागतात आणि सगळ्यांवर कोड एकच येतो. त्यावर आम्ही तोडगा काढलाय: विणलेल्या लेबलवर आमच्या मुख्य पानाचा एकच कोड, आणि त्याखाली त्या गोधडीचा क्रमांक दोऱ्याने. पान उघडलं की क्रमांक टाकायचा. गिऱ्हाइकाला एक पायरी जास्त पडते, पण लेबल गोधडीइतकंच जगतं.

आणि हाताला वेळ असेल तर मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने कोड भरता येतो, एका चौकोनाला एक फुली. इंचाला चौदा घरांची मॅटी असेल तर 25 चौकोनांचा कोड साडेचार सेंटिमीटरच्या आसपास होतो. दोरा गडद घ्या, काळा किंवा गडद निळा, आणि जमीन फिकी ठेवा. गडद कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा उलटा कोड काही फोन वाचतात, काही वाचत नाहीत.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात कपाटात घडी घालून ठेवलेल्या गोधडीला बुरशीचे काळे ठिपके धरतात, आणि ते नेमके कोडच्या पांढऱ्या घरांत बसले की फोनला काळं-पांढरं ओळखता येत नाही. मग लोक ब्लीच लावतात आणि काळंही उडतं. म्हणून लेबलवरच ‘ब्लीच नको, लेबल खाली ठेवून वाळवा’ असं लिहा. ऑक्टोबरच्या उन्हात गोधडी टाकताना लेबलची बाजू खाली. जागा म्हणाल तर मागच्या बाजूचा खालचा कोपरा, काठापासून हातभर आत, जिथे घडीची रेघ येत नाही.

आता कोडमागे ठेवायचं काय. यावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं मला मनापासून वाटतं. बहुतेक जण तिथे दुकानाचं पान, किमती आणि व्हॉट्सअॅपचा नंबर ठेवतात. नंबर तर ठेवूच नका; तो बदलतो, आणि गोधडी पुढे कोणाकोणाच्या हातात जाईल ते आपल्याला माहीत नसतं. बाळंतविड्याची गोधडी असेल तर बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता हेही उघड्या पानावर नको.

तिथे आवाज ठेवा. शिवणारीचा, तिच्या स्वतःच्या बोलीत. आमच्या सासूबाई एका गोधडीवर बोट फिरवत सांगत होत्या आणि मी फोन जवळ धरला होता. हा काठ त्यांच्या आईच्या नऊवारीचा, ही तांबडी चौकट कुणबी लुगड्याची, शेजारणीने दिलेली. हा निळा तुकडा मुलाच्या शाळेच्या चड्डीचा, खिशाजवळ फाटली म्हणून तिथला भाग कापून टाकलेला. मग एका फुलाफुलाच्या ठिगळावर थांबून कोंकणीत म्हणाल्या, ‘हें म्हज्या धुवेच्या बारशाचें.’ म्हणजे, हे माझ्या लेकीच्या बारशाचं. हे मी लिहून काढलं असतं तर माहिती राहिली असती, पण त्या थांबल्या ते राहिलं नसतं. सोबत गोधडीचा एक सरळ वरून काढलेला फोटो ठेवा आणि त्यावर तुकड्यांना आकडे घाला, म्हणजे ऐकणाऱ्याला कोणता तुकडा ते कळतं. रेकॉर्डिंग दोन-तीन मिनिटांचंच असू दे, मोबाइलच्या डेटावर चटकन उघडलं पाहिजे. आणि ज्यांचा आवाज आहे त्यांना आधी स्पष्ट सांगा की हा कोणीही ऐकू शकेल. आमच्यात एकीने नको म्हटलं, तर तिच्या गोधडीमागे फक्त फोटो आहे.

कशी शिवली हेही तिथे दोन ओळींत लिहा, कारण बाहेरच्या माणसाला सगळ्या गोधड्या सारख्याच वाटतात. आपल्या सीमेपलीकडे कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांच्या कवंदीला, म्हणजे गोधडीला, काठापासून सुरुवात करून आत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. तुमची टाक्यांची चाल कशी, आत थर किती, जुनं लुगडं आत घालता की वर, हे तुम्हीच सांगितलं तर कळणार.

लेबल लावण्याआधी छापलेला तुकडा गोधडीसोबत तुमच्याकडे धुतात तसाच धुऊन पाहा. दगडावर आपटत असाल तर दगडावर, मशीन असेल तर मशीनमध्ये. मग घरातल्या सगळ्यात जुन्या फोनने, संध्याकाळी दिव्याखाली, कापड सपाट धरून स्कॅन करा. तिथे चाललं तर बहुतेक सगळीकडे चालेल. आवाजाच्या मूळ फाइली पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवा, पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर, साठवून ठेवा (फुकट आहे), आणि डोमेनचे पैसे कधी भरायचे, पासवर्ड कुठे आहे, हे घरातल्या निदान एका तरुण माणसाला आजच लिहून द्या.