पोरं निष्कर्ष आधीच लिहून आणतात!

प्रश्न : सोलापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. वर्गात साठ मुलं, चालू मायक्रोस्कोप एकच. प्रयोग घ्यावा तर निष्कर्ष मुलं आदल्या रात्रीच गाईडमधून उतरवून आणतात. मग करून बघायचं तरी कशाला?

उत्तर : सर, निष्कर्ष आधीच छापलेला असेल तर पोरांचं काय चुकलं? प्रयोगच बदला. जीवशास्त्र शिकवताना मला हमखास साथ दिलेला एक सांगते.

पर्णरंध्रे म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. ‘पर्णरंध्रे मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला असतात’ हे मुलांना तोंडपाठ असतं. तेच फळ्यावर लिहा आणि विचारा, आपल्या ज्वारीचंही असंच असेल? अंदाज वहीत, पेनानं, खाडाखोड नाही.

मग आंब्याचं एक पान आणि ज्वारीचं एक. रानात ज्वारी नसेल तेव्हा दोन कुंड्यांत मालदांडी पेरून ठेवा. पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा. खडखडीत वाळलं की वर सेलोटेप दाबून हळू ओढायची. पानाचा ठसा उमटलेला पॉलिशचा पापुद्रा टेपेबरोबर येतो, तो काचपट्टीवर चिकटवायचा. घाई केली की फाटतो. (नेलपॉलिशचं बिल पाहून मुख्याध्यापकांच्या भुवया वर गेल्या, तर पहिला ठसा त्यांनाच काढायला द्या.) ठसे बाकांवरच तयार होतात, मायक्रोस्कोपपाशी गटागटानं फक्त मोजायला यायचं. एक पुरतो.

आंब्याच्या वरच्या बाजूच्या ठशात रंध्रं सापडत नाहीत. ज्वारीच्या मात्र दोन्ही बाजूंना रांगाच्या रांगा, आणि रंध्राच्या दोन्ही कडांच्या रक्षक पेशी पुस्तकातल्या घेवड्याच्या बीसारख्या नाहीत, तर डंबेलच्या आकाराच्या! इथं कल्ला होतो, होऊ द्या. ‘ह्यानं ठसे अदलाबदल केलेत’ असा आरोप होणारच. जो आरोप करेल त्यालाच नवा ठसा काढायला बसवा.

मग कुणीतरी विचारतं, वरची रंध्रं अशी उघडी ठेवून ज्वारी आपल्या उन्हात तगते कशी? उत्तर सांगू नका. एका कुंडीचं पाणी तोडा, दुसरीला रोज घाला. तहानलेली पानं वरच्या अंगानं आत गुंडाळायला लागतात. वरच्या त्वचेतल्या मोठ्या पेशींमधलं पाणी कमी झालं की त्या आकसतात, पान मिटतं आणि वरची रंध्रं आत झाकली जातात. पार सुकायच्या आत पाणी घाला, पान पुन्हा उलगडतं. हे कुंडीशेजारी उभं राहून मुलांनीच लिहायचं.

पोर्शन मागं पडेल म्हणाल, तर दोन-तीन तासिका जातात खऱ्या. पण त्यानंतर बाष्पोच्छ्वास, म्हणजे पानांतून पाणी वाफ होऊन जाणं, मला वेगळा शिकवावा लागत नसे.