पत्त्यांवरची पिसं बघून फसू नकोस

अरे, जुन्या युरोपियन पत्त्यांवर परदेशी माणसं बघायचा नाद लागलाय तर १६४४ च्या फ्रेंच भूगोलाच्या कॅटपासून सुरू कर. फ्रान्सचा तेव्हाचा मुख्य मंत्री कार्डिनल माझारँ याने तो छोट्या राजासाठी, चौदाव्या लुईसाठी करून घेतला, पोरगं तेव्हा जेमतेम सहा वर्षांचं, म्हणजे खेळता खेळता भूगोल डोक्यात जावा हा हेतू. चित्रं स्तेफानो देल्ला बेल्लाची, फ्लोरेन्सचा माणूस पण तेव्हा पॅरिसमध्ये. चार रंग म्हणजे चार खंड, प्रत्येक पत्त्यावर एका देशाची एक आकृती आणि खाली थोडा मजकूर.

आता अमेरिकेचे पत्ते बघताना एक कर, लगेच "तिकडचे लोक असे दिसायचे" असं धरून चालू नकोस, कारण काढणारा तिकडे कधी गेलाच नव्हता. पिसांचा मुकुट, पिसांचा घागरा, हातात धनुष्य हा साचा मुळात ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपिनांबा लोकांच्या वर्णनांवरून आलेला, १५०५ च्या आसपास जर्मनीतल्या आउग्सबुर्गला छापलेल्या लाकडी ठशाच्या चित्रातपण तो दिसतो, आणि नंतर युरोपातल्या चित्रकारांनी तोच पार उत्तरेपर्यंत कुणालाही चढवला, कडाक्याच्या थंडीतल्या माणसालासुद्धा! मला तर हे पत्ते तिकडच्या लोकांपेक्षा पॅरिसबद्दलच जास्त सांगतात असं वाटतं.

विकत घ्यायची घाई नको. ब्रिटिश म्युझियममधला लेडी शार्लट श्रायबर या संग्राहक बाईंचा जुन्या पत्त्यांचा संग्रह ऑनलाइन बघ, झूम कर, आणि खालचा मजकूर आधी वाच, चित्र नंतर.