आधी मासे जगव, मग मेंदू बघू

तुला झेब्राफिश या छोट्या माशांवर पार्किन्सनचा, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराचा, अभ्यास करायचाय ना? डोपामिन (हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन), ते पकडणारे पेशींवरचे रिसेप्टर, सगळं करू, पण आधी मासे जगव. झेब्राफिशला २८.५ अंश लागतं, अन् आपल्याकडं एप्रिलात लाईट गेली की टाकी बघता बघता तापते. माझी पहिली बॅच अशीच गेली.

- बोअरचं जड पाणी थेट टाकू नको.
- खाणं चिमूटभरच.
- १४ तास उजेड, १० तास अंधार. सकाळी दिवा लागला की अंडी. पांढरी पडलेली लगेच उचल, नाहीतर बुरशी बाकीच्यांना धरते.

पाच दिवसांचं पिल्लू कमी पोहलं म्हणजे डोपामिन बनवणाऱ्या पेशी मेल्याच, असं लिहू नको. गार पाण्यानंही ते मंदावतं. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलंस तर नुसतं डीएमएसओ दिलेला गट शेजारी हवाच. एमपीटीपीला (डोपामिनच्या पेशी मारणारं विष) मात्र एकट्यानं हात लावायचा नाही. ते माणसालाही बाधतं.